रमतगमत पंथाची कैफियत

चालणं आणि फिरणं हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपल्या वाडवडिलांनी ते उगीच वेगळे ठेवलेले नाहीत. दुकान चालतं, खटला चालतो, संसार चालतो. या सगळ्यांना थांबण्याची भीती असते. फिरायला जाणाऱ्याला ती नसते. किंबहुना थांबता यावं म्हणूनच तो घरातून निघालेला असतो. दहा पावलं टाकावीत, थांबावं, एखाद्या झाडाकडे बघावं, ओळखीचं कुणी दिसलं तर त्याच्या मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारावं, आणि मग पुन्हा दहा पावलं. याला फिरणं म्हणतात. हल्ली उद्यानात सकाळ-संध्याकाळ जे दिसतं ते नुसतं चालणं आहे. घरी बायकोला "जरा फिरून येतो" असं सांगून आलेला सद्गृहस्थ फाटकातून आत शिरला रे शिरला की असा सुटतो, की बघणाऱ्याला वाटावं, याच्या मागे सावकार तरी लागलाय, नाही तर जावई तरी.

या सुटलेल्या मंडळींविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी रमतगमत पंथाच्या वतीनं मांडतो आहे. पंथ अल्पसंख्य आहे. त्याला अध्यक्ष नाही, कार्यालय नाही, आणि सभा बोलावली तर सभासद वेळेवर पोहोचतील याची खात्री नाही. म्हणून कैफियत लेखी देतो आहे.

प्रथम अर्जदाराचा परिचय. मी जन्मानं धुळ्याचा आणि पोटापाण्यानं जळगावचा. धुळं हे आखलेलं गाव. कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ साली खानदेशचं मुख्य ठाणं तिथं नेलं आणि नवी वस्ती बसवली. तिथल्या गल्ल्या इतक्या सरळ, की त्यांना नावं द्यायच्या भानगडीत न पडता लोकांनी नुसते नंबर दिले. "कोणती गल्ली?" असं विचारलं की धुळेकर "चार नंबर" म्हणतो आणि पत्ता संपतो. अशा सरळ गावात लहानपण काढलेल्या माणसाला पुढं आयुष्यभर वाकडंतिकडं फिरण्याची भूक राहते. धुळ्यात ती पांझरेच्या काठानं किंवा लळिंगच्या कुरणात भागवायची. जळगावला आलो तर मेहरूणचा तलाव मिळाला, बहिणाबाई उद्यान मिळालं, पुढं काव्यरत्नावली चौकाजवळ भाऊंचं उद्यान झालं. ती भूक आता रोज दोन वेळा भागते आणि रोज दोन वेळा पुन्हा लागते.

हीच तक्रार मी मे महिन्यात केली नसती. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. त्या उन्हात जो कुणी भरभर चालून सावली गाठतो तो शहाणाच. पावसाळ्यात आमची काळी माती चपलेला अशी धरते, की दोन फर्लांगांत माणूस दोन इंच उंच होतो. तेव्हा रमतगमत फिरणं सुरू होतं ते आश्विनात. ऑक्टोबरची दुपार चांगलीच भाजते, हे मान्य. पण भुलाबाईची गाणी संपून शेवटची खिरापत वाटून झाली, कोजागरीचं दूध आटलं, की पहाटेला आणि सांजेला एक गारवा येतो. वर्षभरात पहिल्यांदाच माणसाला काही काम नसताना घराबाहेर पडावंसं वाटतं. हा शरद ऋतू. आमच्या वाट्याला वर्षातून मोजून चार आठवडे येतो, आणि तेवढ्यातही दिवाळी येऊन पाहुणे येतात.

इंग्रजी पुस्तकं वाचून काही लोकांची समजूत झाली आहे, की शरदात झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. तो त्यांच्याकडचा. आपली पानगळ शिशिरातली. आपल्या शरदात झाडं पावसानं धुऊन हिरवीगार उभी असतात. पहाटे पारिजातकाखाली फुलं पडलेली असतात, संध्याकाळी सप्तपर्णीचा वास इतका दाट येतो, की तिच्याखाली उभं राहून भांडता येत नाही. तळ्याच्या कडेला धोबी पक्षी येऊन शेपटी वरखाली करत हिंडायला लागतो. एवढासा जीव हिमालयाकडून उडत आलेला असतो, पण आल्यावर मात्र दोन पावलं टाकतो आणि थांबतो. आमच्या पंथाचा खरा संस्थापक तोच असावा. बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबत असतात. पिल्लं उडून गेलेली, घरं रिकामी. बाहेरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जायला लागतात आणि कुंपणाच्या काटेरी झुडपांना पांढरे पुंजके अडकून राहतात. फुकट मिळणारी इतकी संपत्ती पायाशी पडलेली असताना आपला सद्गृहस्थ काय बघतो? मनगट.

कालिदासानं ऋतुसंहारात शरदाला नववधूची उपमा दिली आहे. आता मला सांगा, नववधूला बघायला गेलेला कुठला माणूस ताशी सहा किलोमीटरच्या वेगानं तिच्यासमोरून निघून जातो? आणि वर घरी येऊन सांगतो, "आज आठ वेळा बघितली!"

या वेगवाल्यांचे प्रकार आहेत. एक हात कोपरात दुमडून आगगाडीच्या दांड्यासारखे हलवणारे. ते समोरून आले की आपणच रूळ सोडून बाजूला व्हायचं. दुसरे उलटे चालणारे. त्यांना मागचं दिसत नाही आणि पुढचं मागं पडत असतं, त्यामुळे धडकल्यावर दोष नेहमी सुलट चालणाऱ्याला मिळतो. तिसरे फोनवर धंदा करत चालणारे. त्यांच्या मागून दोन फेऱ्या मारल्या तर तुरीचा भाव बाजार समितीच्या आधी कळतो. चौथे हसणारे. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईच्या एका बागेत हास्य क्लब सुरू केला आणि तो पुढं जगभर पसरला. मला त्याविषयी आदर आहे. पण विनोदी लेख लिहून पोट भरू पाहणाऱ्या माणसाच्या देखत पंचवीस माणसांनी काही न वाचता, काही न ऐकता, हात वर करून सात मिनिटं खदाखदा हसावं, हे जिव्हारी लागतं.

पण मुख्य आरोपी पाचव्या प्रकारचा. तो मोजणारा. त्याला भेटलात तर तो "कसं काय?" म्हणत नाही, "किती झाली?" म्हणतो. पूर्वी हा प्रश्न फक्त मुलांच्या बाबतीत विचारत. आता पावलांच्या बाबतीत विचारतात. दहा हजार झाल्याशिवाय हा माणूस घरी जात नाही. नऊ हजार आठशेवर पोहोचला आणि फाटक आलं, तर फाटकाच्या आत उभा राहून जागच्या जागी दोनशे पावलं आपटतो. परेडला उशिरा आलेल्या होमगार्डसारखा.

हे दहा हजार आले कुठून? वेदांत नाहीत, वाग्भटात नाहीत. ते आले जपानातून. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, देशात व्यायामाची लाट आली, आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा गोल होता, ऐकायला भारदस्त होता, यंत्र खपलं. म्हणजे आपण ज्याला आरोग्याचा मंत्र समजून जपतो आहोत, तो एका दुकानदाराचा फलक आहे. पुढं हार्वर्डच्या संशोधकांनी सोळा हजारांवर वृद्ध स्त्रियांच्या पावलांची रीतसर मोजदाद केली. तिचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढं आहे. एकूण पावलं सारखी धरली, तर ती भरभर टाकली की सावकाश टाकली, याचा मृत्यूशी स्पष्ट संबंध दिसला नाही! हे वाचल्यापासून मी उद्यानात आणखी हळू फिरतो, आणि ते विज्ञानाला धरून फिरतो.

शिवाय हे मोजणं चालतं कुठं, तर काव्यरत्नावली चौकात. चौकाला पुढाऱ्याचं नाव द्यायची आपल्या देशातली जुनी चाल. जळगावनं मात्र एका चौकाला कवितेच्या मासिकाचं नाव दिलं. ‘काव्यरत्नावली’ १८८७ साली जळगावात निघालं; त्यात नुसत्या कविता असत, आणि नारायण नरसिंह फडणीसांनी ते कित्येक दशकं चालवलं. आता त्या चौकात रोज सकाळी मोजदाद चालते. एका अर्थानं परंपरा टिकली आहे म्हणा. ते कवी मात्रा मोजत आणि हे पावलं मोजतात. फरक इतकाच, की मात्रा मोजून झाल्यावर मागं कविता उरत असे.

माझ्या या मतांवर आक्षेप येतात. पहिला डॉक्टरांचा. "साखर आहे, रक्तदाब आहे, भरभर चाललंच पाहिजे." अगदी बरोबर. ज्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे त्यानं चालावं, घाम येईस्तोवर चालावं, आम्ही त्याला वाट सोडून देऊ. औषध घेणाऱ्या माणसाशी कोण भांडतो? माझं भांडण आहे ते, औषधाच्या बाटलीलाच जेवण समजणाऱ्याशी. ज्याला काहीही झालेलं नाही, ज्यानं तीस वर्षं नोकरीत धावपळ केली, जो निवृत्त होताना सत्काराच्या भाषणात "आता निवांत जगणार" म्हणाला, तो दुसऱ्या दिवशी पहाटे पांढरे बूट घालून पुन्हा हजेरी लावायला धावतो, त्याच्याशी.

दुसरा आक्षेप थोरामोठ्यांचा. "गांधीजी बघा किती भरभर चालत!" चालत असतील. जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, तिथं जाऊन त्यांची सगळी वाटचाल पाहता येते. १९३० साली साठ वर्षांचे गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत पायी गेले. पण अहो, ते दांडीला चालले होते! तुम्ही गोल फिरून पुन्हा त्याच फाटकाशी चालला आहात. "इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी पायपीट करत," असंही मला एका धुळेकरानं सुनावलं. राजवाड्यांनी १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला, त्यामुळे धुळेकर त्यांना वादात वापरण्याचा हक्क राखून असतो. खरं आहे, राजवाडे फिरले. पण त्या पायपिटीतून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड निघाले. राजवाड्यांनी मोजली ती जुनी कागदपत्रं. पावलं मोजली असती तर बखरींना वाळवी लागून गेली असती. याच विषयावर धुळ्याच्या एका म्हाताऱ्या माळीबाबांनी मला अहिराणीत जे सांगितलं, त्यापुढं माझा सगळा लेख फिका आहे. झारी खाली ठेवून, धावणाऱ्यांकडे बघत ते म्हणाले, "भाऊ, या लोके रोज इतलं पयतस, तरी तठेच ऱ्हातस!"

तिसरा आक्षेप मला स्वतःला अस्वस्थ करतो. "तंद्रीत चालणारा माणूस एक दिवस गाडीखाली येतो." खानदेशात हे बोलताना जरा जपून बोलावं. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या ज्या कोवळ्या पोराला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं, ते कुणी सांगावं? पण मला नेहमी वाटतं, की याच गोष्टीसाठी शहराला उद्यान लागतं. माणसाला स्वतःच्या तंद्रीत चालता येईल आणि मागून काही येणार नाही, अशी सबंध गावात एक तरी जागा हवी. रस्त्यावर ती नाही. तिथं मोटारसायकल आहे. फुटपाथवर नाही, तिथं मोटारसायकल उभी आहे. उद्यानात ती होती. आता तिथंही मागून "साइड प्लीज!" असा आवाज येतो आणि तंद्री कुंपणाला जाऊन अडकते.

तंद्रीचं सोडा. आमच्या पंथाचा आणखी एक उपयोग आहे, तो सांगतो. आमचे एक शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी जोडीनं उद्यानात येतात, म्हणजे घरून जोडीनं निघतात. फाटकातून आत आले की साहेब सुटतात आणि वहिनी मागं राहतात. मी एकदा विचारलं, "काय वहिनी, साहेब पुढं गेले वाटतं?"

"जाऊ द्या हो भाऊ. आठ चकरा झाल्या की फाटकाशी भेटतात. सप्तपदीची सात पावलं तेवढी बरोबर टाकली, त्यातही पुढं तेच होते."

त्या वहिनी आणि आमची ही, दोघी मिळून आतल्या पायवाटेनं डुलत डुलत जातात. तासाभरात एक चक्कर. दर बाकाशी थांबतात. लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर एक अण्णा बसायचे. वय ऐंशीच्या घरात, एक मुलगा पुण्याला, दुसरा सुरतेला, घरी एकटे. त्यांच्याशी बायकांचं बोलणं म्हणजे "काय अण्णा, जेवले का?" "जेवलो माय," एवढंच. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "अण्णा तीन दिवस दिसले नाहीत." आमच्या साहेबांना विचारलं. ते त्या बाकावरून रोज आठ वेळा जात होते, म्हणजे तीन दिवसांत चोवीस वेळा. ते म्हणाले, "कोण अण्णा?"

दोघी घर विचारत विचारत गेल्या. दार नुसतं लोटलेलं. अण्णा तापानं फणफणलेले, घोटभर पाणी द्यायला कुणी नाही. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, पुण्याला फोन केला. अण्णा बरे झाले. आता सुरतेच्या मुलाकडे असतात. बाक रिकामा आहे. दोघी अजून त्याच्याशी थांबतात.

या प्रकरणात साहेबांना दोष द्यावासा मला वाटत नाही. ते सज्जन आहेत, दवाखान्यात रात्री तेच थांबले. त्यांची नजर अधू नाही आणि मनही कोरडं नाही. पण ज्या वेगानं ते जातात, त्या वेगात माणूस दिसत नाही. अडथळा तेवढा दिसतो. बाकावर कोण बसलं आहे, हे कळायला त्या बाकापाशी पाय रेंगाळावा लागतो. गावाला सी.सी.टी.व्ही. लागले आहेत, पण त्यात "अण्णा आज आले नाहीत" हे उमटत नाही. ते काम रिकामटेकड्यांचं. आणि रिकामटेकडे तयार व्हायला रिकामी जागा लागते.

ती रिकामी जागा जाते आहे, म्हणून हा आरडाओरडा. हल्ली कुठल्याही गावात उद्यान ‘सुधारायचं’ ठरलं, की पहिल्यांदा मातीची पायवाट उखडून गट्टू बसवतात. मग ती रुंद करायला हिरवळ कापतात. मग लोखंडी व्यायामयंत्रं येतात आणि त्यांना जागा म्हणून बाक हलतात. शेवटी खांबाखांबाला कर्णे लागतात आणि पहाटे सहाला त्यांतून भूपाळीच्या नावाखाली ढोल वाजू लागतो. एका गावातल्या उद्यानात (गाव सांगत नाही) बाकावर जरा टेकलो, तर रखवालदार येऊन म्हणाला, "काका, इथं बसायचं नाही, हा वॉकिंगचा टाइम आहे." बाकावर बसायचं नाही! उद्या थाळीसमोर बसवून सांगतील, जेवायचं नाही, ही वाढायची वेळ आहे.

म्हणून रमतगमत पंथाच्या मागण्या खालीलप्रमाणे. प्रत्येक उद्यानात एक आतली, अरुंद, मातीची, वाकडी वाट राखावी. तिच्यावरून पुढच्याला मागं टाकण्यास सक्त मनाई असावी. तिच्यावर दर पन्नास पावलांना एक बाक असावा, पाठ असलेला, सावलीत, आणि त्यावर कुणाच्या स्मृतीचा फलक लावायचाच असेल तर तो पाठीला टोचणार नाही असा लावावा. कर्णे काढावेत, झाडावरचे साळुंकी-पोपट त्या कामाला समर्थ आहेत. बदल्यात आम्ही वचन देतो, की बाहेरच्या ट्रॅकवर आम्ही चौघं आडवे हात धरून कधीही चालणार नाही, आणि मोजणाऱ्या माणसाला अधेमधे "काय म्हणता?" असं विचारून त्याचा आकडा चुकवणार नाही. फारच राहवलं नाही तर तेराव्या फेरीला विचारू.

सध्या आश्विन चालू आहे. सीताफळं आली आहेत. मेहरूणच्या बोरांना अजून दोनेक महिने आहेत, भरिताच्या पार्ट्यांना महिनाभर. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन उतरलं की या. बूट घालायची गरज नाही, चपला चालतील. खिशात भुईमुगाच्या मूठभर शेंगा असू द्या, टरफलं मात्र खिशातच परत न्या. लिंबाखालच्या बाकावर जागा आहे. आणि येताना मागून कुणी "साइड प्लीज" म्हणालंच, तर बाजूला व्हा, त्याला जाऊ द्या, आणि आमच्या खानदेशी रिवाजाप्रमाणे शांतपणे सांगा, "जा भो. माले काई घाई नही शे."